बस्त्यावकाकांची हजेरी

भल्या सकाळी समुद्रावर शांतता असते म्हणून माणसं कुठून कुठून मालवणला येतात, आणि आमचे बस्त्यावकाका त्यांना ती शांतता पाच मिनिटंसुद्धा मिळू देत नसत. बंदरातून कायाक पाण्यात उतरले की त्यांची आरोळी उठायची, "बोला हो, बोला! चर्चात मिसाक बसल्यासारखे गप कित्याक?" एखादी बाई डोळे मिटून खोल श्वास घेत असायची, एखादा गृहस्थ वल्हं आडवं ठेवून किल्ल्याच्या तटाकडे बघत भारावलेला असायचा. काकांच्या पहिल्या हाकेतच ते भारावणं संपायचं. "तीन नंबर, खंय आसास? चार नंबर, झोपलास काय?" मग तीन नंबरने "इथे आहे" म्हणायचं, चार नंबरने "जागा आहे" म्हणायचं, आणि तेवढ्याने भागायचं नाही. पुढचा दीड तास प्रत्येकाने काही ना काही बोलत राहायचं असा नियमच होता. गाणं म्हणा, शेजाऱ्यांची निंदा करा, पण बोला.

मी त्यांची भाडेकरू. सांगोल्याकडून बदली होऊन आलेली, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवणारी, आणि विहिरीपेक्षा जास्त पाणी एका जागी कधी न पाहिलेली. काकांच्या घराच्या माडीवर मला दोन खोल्या मिळाल्या. खाली काका आणि रुजायकाकी दोघंच. मुलगी लग्न होऊन गोव्यात. काका ठेंगणे, रुंद खांद्यांचे, साठीला आलेले. खाकी हाफ पँट, रंग उडालेला फुटबॉलचा टीशर्ट, गळ्यात रोझरी आणि तिच्या शेजारीच प्लास्टिकची शिट्टी. या माणसाने दारूला कधी हात लावला नव्हता, आणि त्याने पर्यटकांची फार निराशा व्हायची. "काका, काहीतरी लोकल पाजा की," असं कोणी डोळा मारून म्हटलं की काका त्याला घरी आणून काकीच्या हातची कोरी चाय पाजत आणि वर घावणे खायला घालत.

तीस वर्षं ते ट्रॉलरवर तांडेल होते. तांडेल म्हणजे समुद्रावरचा मालकच; जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी परत फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. मग एक दिवस अचानक त्यांनी ते काम सोडलं आणि आठ कायाक आणले. प्लास्टिकच्या लांबट, उथळ होड्या, कशात एक माणूस बसतो तर कशात दोन, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जायचं. प्रत्येकीवर हातभर उंचीचा आकडा रंगवलेला. ट्रॉलर का सोडलात असं विचारलं तर म्हणायचे, "मासे पुरे झाले, आता माणसां पकडतंय." यावर स्वतःच मोठ्याने हसायचे आणि विषय संपवायचे.

मला त्यांनी पहिल्याच महिन्यात पकडलं. "टीचर, दर्यार ऱ्हवतास आणि दर्यात जाणास नाय? लोक हसतले." मी म्हटलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, भीती वाटत असेल तर ती मोठ्याने सांगत बसा, म्हणजे मला कळेल तुम्ही कुठे आहात. तेव्हा मला तो विनोद वाटला होता. दोन नंबरच्या कायाकमध्ये मला बसवलं, लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि ढकललं. पाण्यात गेल्यावर माझी वाचाच बसली. बोलायला काही सुचेना. शेवटी मी सतराचा पाढा सुरू केला, तो संपला तेव्हा एकोणतीसचा. धक्क्यापासून खडपांच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या आतून, किल्ल्याच्या आडोशाला असलेल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत मी पाढे म्हणत गेले. परत येताना काका काकीला सांगण्याची प्रॅक्टिस करत होते, "अगो, आज मी अख्खी शाळा वल्हवून हाडलंय."

आमच्याकडे सूर्य समुद्रातून उगवत नाही, गावातल्या माडांच्या मागून येतो. नवख्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. ते किल्ल्याकडे तोंड करून कॅमेरे रोखून बसतात. काका ओरडत, "फाटी वळा, फाटी! सूर्य तुमच्या पाठीर इलो." ऊन मानेवर पडल्याशिवाय ते असं कधी म्हणाले नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एकदा एक नवरा-बायको आले, रात्रभर भांडलेले. कशावरून ते सगळ्या मालवणला माहीत, कारण काकांनी त्यांना पाण्यावर भांडायला लावलं. दोघं एकाच कायाकमध्ये, पाच नंबरमध्ये, आणि दोघांचीही तोंडं शिवलेली. काकांनी चार हाका मारल्या. उत्तर नाही. तेव्हा ते आपला कायाक थांबवून गरजले, "पाच नंबर! भांडाण आसा तर मोठ्यान भांडा! मनातल्या मनात भांडूचा नाय हय!" बाई आधी रडवेली झाली, मग चिडली, मग तिने सासूपासून सुरुवात केली. नवऱ्याने हॉटेलच्या खोलीवरून उत्तर दिलं. आम्ही बाकीचे वल्ही थांबवून ऐकत राहिलो. खडपांपाशी पोचेपर्यंत दोघंही हसायला लागले होते. काका मात्र हसले नाहीत; त्यांच्या कपाळावर घाम होता. इतक्या गार सकाळी घाम का, असं मला वाटलं आणि मी विसरून गेले.

खरं काय ते मला एका संध्याकाळी कळलं. मी अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला उतरले होते, अनवाणी. काका पायरीवर बसून लाइफ जॅकेटचा तुटलेला पट्टा शिवत होते. मी त्यांच्यासमोर दोन हातांवर येऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी हसले. ते हसले नाहीत, बोलले नाहीत. मान खाली घालून बोटांनी टाका चाचपून पुढचा टाका घालायला लागले. उजेड चांगला लख्ख होता. मी खाकरले, तेव्हा दचकून म्हणाले, "टीचर? कवा इलास?"

मी कपडे दोरीवर तसेच ठेवून वर गेले. एकेक गोष्ट आठवत गेली. खुर्ची कोणी हलवली की त्यांचं चिडणं. पेपर नेहमी काकीने मोठ्याने वाचायचा, "माझी बायल शिकलेली, तिका वाचूंदे" म्हणून. माशाचा काटा बोटांनी काढायचा. कुठल्या होडीचं इंजिन कुठलं ते न बघता सांगायचं, आणि आम्ही त्याचं कौतुक करायचो. आणि हे बोला, बोला. पाण्यावर सात-आठ जण आवाजावर मोजत नेणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी काका मिसाला गेले तेव्हा मी काकीला गाठलं. तिने नाही म्हणून पाहिलं, मग ओटीवरच बसली. "काचबिंदू आसा, टीचर. बाजूचा सगळा गेला. मदी पैशायेवढां धुरकट उरलां हा, तांय जातला, असा डाक्टर म्हणालो. म्हणान तर ट्रॉलर सोडल्यान." मी म्हटलं, काकी, माणसांचा जीव आहे. ती म्हणाली, "माका कळता. पण दर्या सोड म्हणान ह्या माणसाक सांगूचा कसां? दर्या सुटलो तर ह्यो रवाचो नाय." आणि माझा हात धरून म्हणाली, "कोणाक सांगू नकात."

शहाण्या बाईने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. उलट एक शहाणपण शोधून काढलं: शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे कायाक घेऊन जायला लागले. कोणी बाजूला भरकटलं की मी मोठ्याने म्हणायची, "सहा नंबर, डावीकडे चाललात!" म्हणजे काकांना कळायचं. इतर दिवशी माझं कॉलेज सकाळचं. तेव्हा ते किती माणसांना घेऊन जातात याचा विचार करायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. काही झालं नाही हे आमचं नशीब, आणि त्यांचं खडपांचं ज्ञान. पण काही झालं असतं तर त्यात माझाही वाटा असता. आजही रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आठवून मला उठून बसावं लागतं.

काका मला कधी काही म्हणाले नाहीत. फक्त एकदा कायाक ओढून वर घेताना म्हणाले, "टीचर, तुमका हल्ली दर्याचो बरो नाद लागलो." मी म्हटलं, हो. "बरां झालां. शेवटाक कोणतरी व्हयाच." बस, एवढंच.

आणि मग डिसेंबरातली ती सकाळ. पर्यटकांची गर्दी, धक्क्यावर किल्ल्याला जाणाऱ्या होडीवाल्यांची लगबग. आमच्या गटात चार कॉलेजची मुलं आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, कोल्हापूरकडचं. मुलीच्या अंगात पिवळा कुडता, हातात हिरवा चुडा अजून तसाच. जागा ठरवली होती नवऱ्याच्या भावाने, फोनवर. जॅकेटं घालून झाली आणि काकांनी हजेरी सुरू केली. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपला नंबर आणि नाव मोठ्याने सांगायचं, ही पद्धत. तीन नंबर झालं, चार नंबर झालं. "पाच नंबर." गप्प. "पाच नंबर! नाव काय?"

मी त्या दोघांकडे पाहिलं. ते एकमेकांशी बोलत होते, हातांनी. बोटं भराभर चालली होती आणि मुलगी किल्ल्याकडे, मग पाण्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होती. मी काकांजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "काका, ही दोघं बोलत नाहीत. ऐकूही येत नाही त्यांना."

काका म्हणाले, "तेंका घेणंय नाय."

ते त्यांनी हळू म्हटलं, पण धक्क्यावर हळू काही राहत नाही. शेजारी दाजी उभा होता, होडीवाला, काकांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "कित्याक रे बस्त्याव? पोरां येवढी लांबसून इली." काका म्हणाले, "नाय म्हणजे नाय." दाजीचा आवाज चढला, "मुकी म्हणान नाय म्हणतंस? तू? देवाक तरी भी जरा!" आजूबाजूचे दोघं-तिघं जमा झाले. कोणीतरी म्हणालं, "असां बरां दिसणा नाय, बस्त्याव." कॉलेजच्या मुलांपैकी एकाने तर मोबाईल वर करून शूटिंग सुरू केलं.

मुलगी एकेका चेहऱ्याकडे बघत होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण काय चाललंय ते कळलं होतं. असं नाही म्हणणं तिने जन्मभर पाहिलं असणार. तिने जॅकेटचे पट्टे सोडले, जॅकेट काढलं, नीट घडी घातली आणि काकांच्या पायांशी ठेवलं. रडली नाही, रागावली नाही. मला ते बघवेना. काकांना ते दिसलंच नाही.

तिच्या नवऱ्याने मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि काकांच्या तोंडासमोर धरलं. काकांनी मोबाईल हातात घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब केला, मान वाकडी करून पाहिलं. सगळे बघत होते. मग त्यांनी तो माझ्या दिशेला केला. "टीचर, वाचा."

मी वाचलं. "आम्ही दोघं चांगले पोहतो. हिला लहानपणापासून समुद्रात जायचं होतं. आम्ही काही त्रास देणार नाही."

काकांनी विचारलं, "तां चेडू काय करता?"

"तिने जॅकेट काढलं, काका. घडी करून तुमच्या पायांशी ठेवलंय."

काका वाकले. हात उजवीकडे गेला. जॅकेट डावीकडे होतं. त्यांनी जमीन चाचपली, थांबले, पुन्हा चाचपली. शूटिंग करणाऱ्या मुलाने मोबाईल खाली घेतला. शेवटी जॅकेट त्यांच्या हाताला लागलं. ते छातीशी धरून ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तांडेलाच्या आवाजात म्हणाले:

"दाजी, आयक. ह्या पोरांत काय खोट नाय. माका दिसणा नाय. दोन वर्सां झाली. मी कानान नेतंय लोकांक. हेंचो आवाज नाय, मगे मी हेंका सांबाळूचंय कसो?"

काका माझ्याकडे वळले. "टीचर, तेंका लिवन दाखवा. लिवा, खोट माझ्यात आसा. तुमच्यात नाय."

मी लिहिलं. तीनदा पुसलं, पुन्हा लिहिलं. मुलीने वाचलं, मग काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं, बराच वेळ. पुढे होऊन तिने त्यांच्या हातातलं जॅकेट घेतलं आणि पुन्हा अंगात घातलं.

"मी नेतंय तेंका," दाजी म्हणाला. काकांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि आवाजाच्या दिशेला धरली. "एक नंबर माझो. तो घे. खडपांच्या भायर जाव नको, वारो फिरतलो."

आम्ही निघालो. मी नेहमीप्रमाणे शेवटी. मागे वळून पाहिलं तर काका पायरीवर बसलेले, हात मांडीवर, तोंड आमच्याकडे. किल्ल्याच्या अलीकडे एक छोटी लाट आली, पाच नंबर वर उचलला गेला आणि ती मुलगी हसली. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपलं हसणं किती मोठं आहे ते कळत नाही. तिचं हसणं पाण्यावरून सरळ धक्क्यापर्यंत गेलं असणार. परत आल्यावर काकांनी पहिलं तेच विचारलं. "मगाशी हसलां, तां तांच चेडू मा?" मी हो म्हटलं.

त्यानंतर काका कधी पाण्यात उतरले नाहीत. कोणी त्यांना दोष दिला नाही. उलट सगळे फार चांगले वागले, आणि तेच त्यांना सोसलं नाही. पहिले काही दिवस ते सकाळी धक्क्यावर जायचे. पण ज्याला त्याला त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवायची घाई. ज्या माणसाच्या हाकेवर आठ-दहा खलाशी धावायचे त्याला लोक "सांभाळून, बस्त्याव, सांभाळून" म्हणायला लागले. आठवड्याभराने त्यांनी जाणं सोडलं. कायाक दाजी चालवू लागला. काका ओटीवर बसून राहायचे, समुद्राकडे पाठ करून. घरात बोलणंही कमी झालं. काकी भिंतीशी बोलल्यासारखी एकटीच बोलत राहायची.

एका रविवारी मी म्हटलं, "काका, चला. तुम्ही पुढे बसा, वल्हं मी मारते." मला वाटलं होतं ते खूश होतील. ते माझ्याकडे वळून हसले, फार मवाळ हसले, आणि म्हणाले, "टीचर, माका सामानासारख्या नेव नकात." मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना खरं बोलायला मी लावलं नव्हतं, पण ती सकाळ पुढे कधी आलीच नसती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. आणि मग ती पिवळ्या कुडत्यातली मुलगी आठवते आणि तसं वाटल्याची लाज वाटते.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली परत सांगोल्याकडे झाली. त्यानंतर दीड वर्षाने काका गेले. काकीचा फोन आला तेव्हा कॉलेजात परीक्षा होत्या, म्हणून गेले नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे धाडस झालं नाही. त्या घरी जाऊन ओटीवरची ती रिकामी जागा बघायची मला छाती नव्हती.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मालवणच्या एसटी स्टँडवर, निघायच्या दिवशी. मला पोचवायला दोघं आले होते. काकांनी मिसाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता, केस पाणी लावून विंचरलेले. माझी कोल्हापूरची गाडी लागली होती, आणि तिच्या पलीकडे कणकवलीची. मी खिडकीत बसले. काकी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला स्टॉलवर गेली. काका दोन गाड्यांच्या मधे, खांबाला हात लावून उभे होते. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात कणकवलीची गाडी सुरू झाली, खडखडली आणि हलली.

काका तिच्याकडे वळले. चेहरा उजळला, हात वर गेला. "टीचर, बरी रवा हां!" ते ओरडले. "आवशी-बापाशीक सांगा, बस्त्यावान विचारल्यान म्हणान! परत येवा!" गाडी वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत ते हात हलवत राहिले. त्या गाडीच्या खिडकीतून टोपली मांडीवर घेतलेल्या एका अनोळखी बाईने गोंधळून त्यांना उलट हात केला.

मी तीन हातांवर होते. एक हाक मारली असती तर त्यांना चूक कळली असती. मी ओठ दाबून बसले, श्वाससुद्धा जपून घेत.

काकी आली. तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं, काकांच्या अजून वर असलेल्या हाताकडे पाहिलं. बाटली तिच्या हातातच राहिली.

"तू उशीर केलंस," काका तिला म्हणाले. "गेली टीचर."

"व्हय," काकी म्हणाली. "गेली." आणि त्यांचा हात धरून ती फाटकाकडे निघाली. आमची गाडी त्यानंतर दहा मिनिटं तिथेच उभी होती.